पोर्ट ब्लेअरला राहिलेल्या गौरी

अंदमानला जायचं ठरलं की आमच्या ऑफिसातली माणसं अजूनही माझ्या डेस्कपाशी येऊन उभी राहतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, हिला विचार, हिला सगळं माहीत आहे. मीही हातातलं काम बाजूला सारून सांगते. तिथं सूर्य आपल्या आधी उगवतो आणि साडेपाचला गुडूप होतो, तेव्हा सुट्टी म्हणून लोळत पडलात तर दिवस गेला समजा. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. बोटीची तिकिटं आधी काढा. मळमळीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्या. पाण्यात अनवाणी उतरू नका, खडकानं तळपाय कापतात आणि खाऱ्या पाण्यात असे झोंबतात की बाप्पा! दुपारी शहाळं प्या, टोपी घाला, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री लांबच्या बेटावर मुक्काम ठेवू नका, कारण समुद्र खवळला तर बोट सुटत नाही आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही.

शेवटची सूचना मी जरा मोठ्यानं देते. किनाऱ्यावरचं काहीही उचलायचं नाही. शंख नाही, शिंपला नाही, आणि पांढरा गोल खडासुद्धा नाही. 'खडापण नाही?' असं कुणीतरी हसत विचारतंच. नाही म्हणजे नाही, असं मी म्हणते तेव्हा माझा आवाज चढतो. लोकांना वाटतं, मॅडमना निसर्गाची फार काळजी आहे. काळजी-बिळजी काही नाही. मला लाज वाटते, एवढंच.

मी मूळची अमरावतीची. इंजिनियरिंगला वाघोलीच्या कॉलेजात आले, चार वर्षं हॉस्टेलचं पाणीदार वरण प्यायले, आणि पास होते न होते तोच हिंजवडीत नोकरी लागली. तेव्हा आमच्यासारख्यांची भरती गाडीत माणसं कोंबावीत तशी चालली होती. त्याच कंपनीतला, त्याच प्रोजेक्टवरचा एक कोथरूडचा मुलगा मला आवडला, त्याला मी आवडले, आणि दोन्ही घरांनी थोडी कुरकुर करून आमचं लग्न लावून दिलं. कुरकुर कशाची, तर आमच्याकडं वाटत होतं की पुण्याची माणसं फार मोजून बोलतात, आणि त्यांच्याकडं वाटत होतं की आम्ही काहीच न मोजता बोलतो. दोघांचंही बरोबर होतं.

सासूबाई शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. इतिहास सोडा, पण नागरिकशास्त्र त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. कंडक्टरनं तिकीट दिलं नाही तर स्टॉप आला तरी उतरायच्या नाहीत, तिकीट फाडून घेऊनच उतरायच्या. सिग्नलला झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी करणाऱ्याच्या काचेवर टकटक करून त्याला मागं घ्यायला लावायच्या. सोसायटीच्या जिन्यात त्यांच्या हस्ताक्षरात एक पाटी होती: 'जिना चढण्यासाठी आहे. पत्रावळी, सायकली व गप्पा अन्यत्र.' नाकावर माशी बसू न देणारी बाई. चुका करायच्याच नाहीत, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी साठ वर्षं पाळला होता.

आणि मी नुसत्या चुका करत होते. 'मी येऊन राहिली' असं म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, येऊन कुठं राहिलीस? भाजीला तेल जास्त झालं तर विचारायच्या, अमरावतीला तेलाच्या विहिरी आहेत का गं? रागावून नाही हो, रागावल्या असत्या तर मी भांडले असते, मला भांडण येतं. त्या नुसतं विचारायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. मी ऑफिसच्या बसमध्ये बसून हिंजवडीपर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायची. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की उत्तरं आणखी चांगली सुचायची. ऑफिसात परदेशातली माणसं फोनवर माझं ऐकून कामं करत होती, आणि घरी मला वरणाला फोडणी देताना कुणीतरी पाठीमागं उभं आहे का ते बघावं लागत होतं. मला एकच हवं होतं. या बाईनं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं की हिचं बरोबर होतं, माझं चुकलं. दुसरं काही नको, साडी नको, दागिना नको.

अंदमानची सहल मी याचसाठी काढली, असं म्हटलं तरी चालेल. लग्नाला दोन-तीन महिने झाले होते, बोनस मिळाला होता, आणि सासूसासऱ्यांनी विमान आतून पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसात काम संपल्यावर मी इंटरनेटवर बसून त्या बेटांबद्दल मिळेल ते वाचलं आणि रात्री जेवताना रोज एकेक सूचना वाढू लागले. काय घ्यायचं, काय नाही, कधी उठायचं, कुठं पाण्यात उतरायचं. सासरे कौतुकानं ऐकायचे. सासूबाई ताटाकडं बघत म्हणायच्या की संयोजिकाबाईंनी आमटी घेतलीत तर बरं, गार होते आहे. तरी मी सांगत राहिले. पहिल्यांदाच या घरात एखादी गोष्ट मला माहीत होती आणि त्यांना नव्हती, ती मी अशी सोडते होय?

ऐनवेळी नवऱ्याला कंपनीनं ऑनसाइट, अमेरिकेला धाडलं. तिकिटं परत होत नव्हती. मग आम्ही तिघंच निघालो, मी आणि ते दोघं, बरोबर मेतकूट, साटोऱ्या आणि भडंगाचा डबा.

पहिले दोन दिवस माझ्या सूचनांची अशी काही सरशी झाली की काय सांगू. बोटीच्या आधी गोळी घ्या म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, आम्ही मूळचे कोकणातले, आम्हाला बोट लागत नाही. मूळचे म्हणजे त्यांच्या आजोबांनी कोकण सोडलं होतं. बोट मोठ्या पाण्यात आली आणि अर्ध्या तासात त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. मी न बोलता पिशवी पुढं केली. नंतर लिंबाची गोळीही दिली. न बोलता दिली खरी, पण माझ्या तोंडावर काय लिहिलेलं असेल ते त्यांनी वाचलंच असणार, आयुष्यभर मुलांची तोंडं वाचलेली बाई. त्यांनी गोळी घेतली आणि थँक्यू म्हणाल्या. सुनेला थँक्यू! मी त्या रात्री खुशीत झोपले.

शंखशिंपल्यांचा नियम मात्र त्यांनी एकदम उचलून धरला. मी सांगितलं होतं की इथून शंख, शिंपले, कोरल काही न्यायचं नाही, कायद्यानं बंदी आहे. कायदा हा शब्द ऐकल्यावर त्यांना बाकी काही लागलं नाही. सासऱ्यांनी एक गुलाबी शिंपला खिशात टाकलेला त्यांनी बघितला आणि त्यांना भर उन्हात पुन्हा पाण्यापर्यंत पाठवून तो ठेवायला लावला. एक मुंबईचं कुटुंब आमच्याच हॉटेलात उतरलं होतं. त्यातला गृहस्थ लेकरांच्या बादलीत शंख गोळा करत होता. सासूबाई त्याच्यापाशी गेल्या आणि भर किनाऱ्यावर त्याला नागरिकाची कर्तव्यं समजावून आल्या. आजूबाजूची माणसं बघत होती. मी दूर जाऊन शहाळेवाल्याशी बोलायला लागले. मला लाज वाटत होती, की ही आपल्याबरोबर आहे. त्या माणसानं बादली रिकामी केली, पण त्याची मान तांबडी झालेली मला तेवढ्या लांबूनही दिसली.

तिसऱ्या दिवशी आम्ही लांबच्या बेटावर होतो. दुपारची बोट पकडायची होती. सामान गोळा झालं, सासरे धक्क्यावर जाऊन उभे राहिले, आणि सासूबाईंचा पत्ता नाही. बघते तर किनाऱ्याच्या पार टोकाकडून चालत येत होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हात पोटाशी धरलेले, नजर समोर. मी हाक मारली. उत्तर नाही. जवळ गेले, म्हटलं, आई, चला ना, बोट सुटेल. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तशाच पुढं चालू लागल्या. गाल फुगलेले. आदल्या दिवशी मी त्यांना उन्हात फिरू नका म्हणून जरा जोरात बोलले होते, त्याचाच हा फुगा, असं मला वाटलं. माझं डोकंच फिरलं. इतके दिवस सांभाळलेली पुण्याची भाषा कुठल्या कुठं पळाली आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "काऊन बोलून नाही राहिल्या तुम्ही? बोट चालली ना, माय!"

बोटीच्या रांगेतली माणसं वळली. कुणीतरी हसलं. सासूबाई माझ्या बाजूनं निघून गेल्या, आपल्या बॅगेपाशी वाकल्या, काहीतरी आत ठेवलं, मग झाडामागं जाऊन आल्या आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, चला, कशाला खोळंबलोय? मी सासऱ्यांकडं बघितलं. ते समुद्राकडं बघत होते. बोटीत मी दोघांपासून लांब जाऊन बसले. मनात म्हणत होते की एवढं करून, एवढी रजा घालवून, या बाईचा नखरा काही संपत नाही.

परतीच्या दिवशी पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सामान मशिनमधून गेलं आणि सासूबाईंची बॅग बाजूला काढली गेली. मला काही वाटलं नाही. डबा असेल म्हटलं. तिथला माणूस सभ्य होता. माताजी, बॅग उघडा, असं म्हणाला. त्यांनी ताठ मानेनं उघडली. तिच्यात साड्यांच्या घडीखाली एक हिरवा खण निघाला, गाठ मारलेला. त्यानं गाठ सोडली. आत सात खडे होते, पांढरे, गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडे मोठे. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं.

माणूस म्हणाला की हे नेता येणार नाही, हे कोरल आहे.

सासूबाई हसल्या. हसल्याच, मला आठवतं, वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर हसावं तशा. आणि त्यांच्या त्या हिंदीत त्याला सांगायला लागल्या की बेटा, ये पत्थर है, शंख नहीं, शिंपला नहीं, हमको नियम मालूम है. ये हमारे गौरी है. गणपती के बाद में आते है, घर में उनका पूजा होता है. त्या माणसाला गौरी कळेनात. त्यानं त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेबानं एक खडा उचलून उजेडात धरला आणि त्याच्यावरची बारीक बारीक भोकं दाखवली. लाटांनी घासून घासून गोल झालेला तुकडा, पण कोरलच. नेणं गुन्हा आहे, असं तो म्हणाला. गुन्हा हा शब्द त्यानं सावकाश उच्चारला, म्हातारीला समजावा म्हणून.

आमच्यामागं रांग थांबली होती. त्या रांगेत ते मुंबईचं कुटुंब होतं. तो गृहस्थ बायकोला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसली. मग त्यानं जरा मोठ्यानं, मराठीत, आम्हाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो बाई, नागरिकाची कर्तव्यं पुण्यातच ठेवून आलात वाटतं?"

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण अजून त्या हरल्या नव्हत्या. त्या माझ्याकडं वळल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या कशासाठी तरी माझ्याकडं वळल्या होत्या. "तू सांग गं यांना. तुला सगळं माहितीये. खडे आहेत ना हे?"

मी खडा हातात घेतला. मला त्याच्यावरची भोकं स्पष्ट दिसत होती. इंटरनेटवर मी असेच फोटो पाहिले होते, फक्त ते रंगीत होते, पाण्याखालचे होते. तेच मरून, झिजून, असं पांढरं होतं हे तिथं कुणी लिहिलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कारण मलाच माहीत नव्हतं. मी खाली बघत म्हटलं, "आई, कोरलच आहे ते."

बास. एवढंच बोलले मी. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. त्या त्या साहेबाकडं वळल्या आणि हात जोडून, हो, हात जोडून, म्हणाल्या, "गलती मेरी है. इसने बोला था. बहू ने सब बोला था. मैंने सुना नहीं."

अख्खी रांग ऐकत होती. मला जे हवं होतं तेच झालं होतं, अगदी जसं हवं होतं तसं, चारचौघांत, स्पष्ट शब्दांत. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुठं सांगितलं होतं? मी खड्यांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी माझा शब्दन् शब्द पाळला होता, नवऱ्याला उन्हात परत पाठवलं होतं, परक्या माणसाशी वाकडं घेतलं होतं, आणि आता माझ्या अर्धवट माहितीचा दोष स्वतःवर घेऊन हात जोडून उभ्या होत्या. मी म्हणायला गेले की तसं नाही, माझंच सांगायचं राहिलं. साहेबानं हातानंच मला थांबवलं. त्याला वाटलं, सून सासूला पाठीशी घालते आहे. वयाकडं बघून सोडतो, पुन्हा असं करू नका, असं तो त्यांना म्हणाला, पोराला म्हणावं तसं. त्यांनी मान हलवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं की हे तुम्ही परत समुद्रातच टाकाल ना? तो हो म्हणाला. त्यांनी खड्यांना हात लावून कपाळाला लावला, खण घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि आम्ही निघालो.

विमानात त्या खिडकीशी बसल्या आणि लगेच डोळे मिटून घेतले. खाली बेटं दिसत होती, ती मी बघितली. सासऱ्यांनी मला मधल्या सीटवर हलक्या आवाजात सांगितलं, जे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. आमच्या अमरावतीकडं महालक्ष्म्या बसतात, मुखवट्यांच्या, साड्या नेसवलेल्या, सोळा भाज्या आणि आंबील. यांच्या घरात गौरी म्हणजे खडे. घरच्या बाईनं पाण्याकाठी जायचं, सात खडे वेचायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा नदीवर जायच्या. आता नदीवर नाक धरल्याशिवाय उभं राहवत नाही, म्हणून गेली काही वर्षं त्या शेजारच्या बांधकामावरची खडी धुऊन घेत होत्या, आणि ते त्यांना फार लागायचं. "यंदा तुझ्या पहिल्या गौरी," सासरे म्हणाले. "पोरीच्या पहिल्या गौरींना खडी नको, असं म्हणत होती. स्वच्छ पाण्यातल्या हव्यात. तुला आयत्या वेळी दाखवणार होती."

म्हणजे गाल फुगले होते ते पाण्यानं, आणि खडे बॅगेत ठेवल्यावर झाडामागं टाकली ती चूळ. आणि मी त्या बाईवर ओरडले होते. एअर होस्टेस काय हवं विचारायला आली तेव्हा मला तिच्याकडं मान वर करून बघवेना.

घरी आल्यावर मी त्यांची माफी मागितली. नीट, समोर बसून. खड्यांचं मलाच माहीत नव्हतं, मी ते कधी सांगितलंच नव्हतं, असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या की अगं, त्यात काय, माझंच चुकलं, मी विचारायला हवं होतं. आणि तेव्हापासून त्या विचारायला लागल्या.

आधी मला कळलंच नाही. भाजी कोणती करू, हे विचारलं. मग दूध किती घेऊ. मग बँकेत जायचं आहे, आज जाऊ की उद्या. मला वाटलं, टोमणा असेल, पुण्यात टोमणा असाच साधा पोशाख घालून येतो. मी वाट बघायची, की आता पुढचं वाक्य येईल आणि टाचणी टोचेल. येत नव्हतं. जिन्यातली पाटी कुणीतरी काढली, त्यांनी दुसरी लावली नाही. सिग्नलला झेब्रावर एक गाडी आली तर त्या तिच्या मागून वळसा घालून गेल्या, मी तेव्हा त्यांच्यासोबत होते. मी 'करून राहिली' म्हटलं, मुद्दाम म्हटलं, तरी त्यांनी नुसतं हं केलं. रात्री अमेरिकेला फोन लागला की मी नवऱ्याला सांगायची की अरे, आई बदलल्या आहेत. तो म्हणायचा, बरं झालं ना, तुझा त्रास मिटला. या माणसाला कसं समजावणार? मिटला होता, म्हणूनच तर मी रडत होते.

भाद्रपद आला. नवराही परत आला होता. त्या वर्षीच्या गौरी सोसायटीच्या बागेतल्या नळाखालून आल्या, आणि कुठून आणायच्या हेही त्यांनी मलाच विचारलं. मी चूळ धरून, मुकाट्यानं सात खडे घेऊन तीन मजले चढून आले. त्यांनी दारात माझ्या पायांवर दूधपाणी घातलं. दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य. ताट तूच वाढ, असं म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात केळीचं पान घेऊन बसले आणि मला एक युक्ती सुचली. मला वाटलं, काहीतरी असं करावं की या बाईला राहवणारच नाही. मी चटणी, कोशिंबीर उजवीकडं वाढली आणि भाज्या डावीकडं. महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळेल असा घोळ. पान नेऊन गौरींपुढं ठेवलं आणि उभी राहिले.

त्यांनी बघितलं. हात किंचित पुढं झाला, मी बघितला तो. मग त्यांनी तो मागं घेतला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "तुमच्याकडं असंच वाढतात का? मग राहू दे."

मी काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली. हळदीकुंकवाला शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यांतल्या एक, सासूबाईंच्याच शाळेतल्या, चष्मा सावरत गौरींपुढं वाकल्या आणि लगेच म्हणाल्या की अगंबाई, हे पान कुणी वाढलं? चटणी उजवीकडं?

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "हल्ली लक्ष राहत नाही माझं."

ज्या बाईनं या सगळ्यांना वर्षानुवर्षं धाकात ठेवलं होतं ती त्यांच्यापुढं हसत उभी होती. मी म्हटलं, नाही हो, त्यांनी नाही, मी वाढलं, मुद्दाम वाढलं, त्यांना सगळं येतं. मी पान उचललं तर हातातून घाटलं सांडलं. त्या बाईंनी माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"किती सांभाळून घेते हो तुम्हाला," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "अशी सून मिळायला नशीब लागतं."

सासूबाई हो म्हणाल्या.